नदी तात्पुरती बंद आहे

नदीचं अंतर उगमापासून मोजायचं असतं, असं आपण गृहीत धरतो. गोदावरी त्र्यंबकेश्वरहून निघते, कृष्णा महाबळेश्वरहून. मग हिशेबही तिथूनच. डॅन्यूबचा हिशेब उलटा आहे. काळ्या समुद्राला मिळताना तिचे तीन मुख्य फाटे होतात. त्यांतल्या मधल्या, सुलिना नावाच्या फाट्याच्या तोंडाशी शून्य किलोमीटर, आणि तिथून प्रवाहाविरुद्ध आकडे चढत जातात. ही मोजणी जहाजांच्या सोयीची आहे, आणि जहाज समुद्राकडून आत येतं. या मोजणीनं वर सरकत गेलं, तर 860 किलोमीटरच्या आसपास प्राहोवो लागतं, 1,255 च्या आसपास नोव्ही साद आणि 1,647 च्या आसपास बुडापेस्ट. या प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी नदीत मोठं काहीतरी बुडालं आणि ते निघेपर्यंत जहाजांना थांबावं लागलं, वळसा घ्यावा लागला किंवा अंग चोरून जावं लागलं. प्रत्येक वेळी या अडचणीला ‘तात्पुरती’ हेच विशेषण लागलं. बुडापेस्टला 2019 मध्ये हे तात्पुरतेपण दोन आठवड्यांत संपलं. नोव्ही सादला ते सहा वर्षांहून जास्त टिकलं. प्राहोवोला ऐंशी वर्षं उलटून गेली. बुडालेल्या वस्तूचं वजन, पाण्याची खोली, प्रवाहाचा जोर यांनी हा फरक पुरता उलगडत नाही. नदीवरची बंदी किती दिवस टिकते, हे मुख्यतः त्या बंदीचं भाडं कोण भरतं यावर ठरतं, असं मला वाटतं. ज्याच्या हाती बंदी आहे त्यालाच तिची झळ बसत असेल, तर ती उठते. झळ दुसऱ्याला बसत असेल, तर तात्पुरत्याला मुदत राहत नाही.

बंदीची गरजच काय, हे आधी पाहू, कारण सगळा दोष सत्तेवर आणि राजकारणावर ढकलण्यात अन्याय आहे. बुडीत जहाज उचलणं हे अतिशय नाजूक काम आहे. मोठ्या नदीच्या गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही; तो चाचपडत काम करतो. सांगाड्याखालून पोलादी दोर ओवायचे, ते तरंगत्या क्रेनला बांधायचे, आणि ती क्रेन ज्या बार्जवर उभी असते ती चहूबाजूंनी नांगर टाकून जागच्या जागी धरायची. त्या नांगरांचे दोर जहाजांच्या रस्त्यावरच आडवे पडतात. अशा वेळी शेजारून एखादं मालवाहू जहाज नेहमीच्या वेगानं गेलं, तर त्याच्यामागे उठणाऱ्या लाटेनं बार्ज वीतभर वर उचलली जाते. तेवढ्यानं दोराला हिसका बसतो, दोर तुटू शकतो आणि खाली माणूस असतो. म्हणून आधी वेगमर्यादा येते, मग रात्रीची वाहतूक थांबते, मग एका वेळी एकाच दिशेची जहाजं सोडली जातात आणि प्रत्यक्ष उचलण्याच्या दिवशी नदी पूर्ण बंद होते. एकेरी वाहतुकीतही वर जाणाऱ्याला आणि खाली येणाऱ्याला एकच नियम लावता येत नाही. प्रवाहाविरुद्ध चढणारं जहाज इंजिनाच्या जोरावर जवळजवळ जागच्या जागी थांबू शकतं. प्रवाहाबरोबर उतरणाऱ्या जहाजाचं सुकाणू पाण्यापेक्षा जास्त वेग असल्याशिवाय लागतच नाही, त्यामुळे अरुंद जागी त्याला सावकाश जा म्हणणं म्हणजे दिशा सोडून दे म्हणण्यासारखं आहे. हे सगळं नदीचं शास्त्र आहे आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही. माझा मुद्दा हे शास्त्र संपतं तिथून पुढचा आहे.

आधी शून्य किलोमीटरच पाहू. सुलिनाचं तोंड 1829 च्या एड्रियानोपलच्या तहानंतर रशियाच्या ताब्यात होतं. नदी वाहून आणलेला गाळ तोंडाशी टाकते आणि तिथे वाळूची आडवी पट्टी तयार होते. ती सतत खणत राहावी लागते. रशियानं ती खणली नाही, किंवा खणल्यासारखं केलं, अशी त्या काळच्या व्यापाऱ्यांची कायमची तक्रार होती. तिच्यात तथ्य वाटावं असं कारणही होतं. डॅन्यूबच्या काठची गव्हा-मक्याची पिकं सुलिनातून बाहेर पडली, की त्यांची गाठ युरोपच्या बाजारात रशियाच्या ओडेसा बंदराच्या धान्याशी पडे. तोंड बुजलेलं राहिलं तर नुकसान वलाकिया-मोल्डाव्हियाच्या शेतकऱ्याचं, ऑस्ट्रियाच्या आणि ब्रिटनच्या व्यापाऱ्याचं. ओडेसाचा झाला तर फायदाच. भरलेल्या जहाजांना पट्टीपाशी माल पडावांत उतरवावा लागे, रिकाम्या जहाजानं पट्टी ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा माल चढवायचा. वारा फिरला की जहाजं वाळूवर आपटत. क्रिमियाच्या युद्धानंतर तिथे काम करायला आलेल्या चार्ल्स हार्टली या इंग्रज इंजिनिअरला नदीच्या तोंडाशी बुडालेल्या जहाजांचे सांगाडे आणि डोलकाठ्याच सगळीकडे दिसल्या. खोल पाणी कुठून कुठे जातं, हे नाखव्यांना कळण्याची तीच एक खूण उरली होती. बुडीत जहाज अडथळा असतं, ही आजची समजूत. सुलिनाला बुडीत जहाज हेच मार्गदर्शक झालं होतं. या सगळ्यात कुठलीही बंदी कोणी पुकारलेली नव्हती. नुसतं काम न करणं पुरेसं होतं.

1856 च्या पॅरिसच्या तहानं हे बदललं. ऑस्ट्रिया, ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया, सार्डिनिया आणि तुर्कस्तान या सात सत्तांचा एक आयोग नेमला गेला, त्याचं ठाणं गलात्स इथे, आणि तोंड मोकळं करण्यासाठी त्याला दोन वर्षांची मुदत. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि हा दोन वर्षांचा आयोग दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकला. इतिहासालाही कधी कधी थट्टा करावीशी वाटते. पण या तात्पुरतेपणात आणि रशियाच्या काळातल्या हलगर्जीपणात मोठा फरक होता. आयोगाची कमाई तोंडातून जाणाऱ्या जहाजांकडून घेतलेल्या करपट्टीवर चाले. जहाजं अडली की आयोगाची तिजोरी रिकामी होई. शिवाय ज्यांची जहाजं अडत होती, तेच देश आयोगाच्या मेजाभोवती बसलेले होते. हार्टलीनं दोन्ही बाजूंनी समुद्रात भिंती काढून प्रवाहाला अरुंद केलं, म्हणजे नदी स्वतःच स्वतःचा गाळ पुढे ढकलू लागली. 1861 पर्यंत, जिथे आधी दहा-अकरा फूट पाणी मुश्किलीनं मिळे तिथे सतरा फुटांच्या आसपास पाणी मिळू लागलं. 1870 मध्ये आयोगानं सुलिनाला दीपगृह बांधलं. ते अजून उभं आहे. मात्र गाळ साचून जमीन पुढे सरकल्यामुळे समुद्र त्याच्यापासून लांब गेला आहे.

बुडापेस्टची गोष्ट दोन काळांत सांगावी लागते. जानेवारी 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी शहरातले उरलेसुरले सगळे पूल उडवले. पुलांच्या कमानी, साखळ्या, पोलादी सांगाडे नदीत कोसळले. वर्षभरात, 18 जानेवारी 1946 रोजी, संसदेच्या इमारतीजवळ कोशुत पूल उघडला. मिळेल त्या सामानातून घाईघाईत उभा केलेला हा पूल तात्पुरता म्हणूनच बांधला होता आणि 1960 मध्ये तो पाडला गेला. प्रसिद्ध साखळी पूल 1949 मध्ये, त्याच्या शताब्दीला, पुन्हा सुरू झाला. इथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की तात्पुरता पूल असूनही त्याच्या मधल्या गाळ्यातून जहाजांची वाट मोकळी ठेवली होती. त्या काळच्या हंगेरीत लोकांना विचारून काही होत नव्हतं. सत्ता सोव्हिएत फौजेची होती. पण त्या फौजेला पूल हवा होता आणि नदीही हवी होती. हुकूम देणारा आणि अडणारा एकच, मग दोन्ही गरजा एकाच नकाशावर मांडल्या गेल्या. 2019 चा प्रसंग याहून लहान आणि फार दुःखद. 29 मे रोजी मार्गारेट पुलाखाली ‘हाब्लेआन्य’ नावाच्या पर्यटक होडीला मोठ्या प्रवासी जहाजानं धडक दिली. होडीत 35 माणसं होती, त्यांत 33 दक्षिण कोरियाची, सातच वाचली. नदी फुगलेली होती. होडी उचलायला आणलेली ‘क्लार्क आदाम’ ही तरंगती क्रेन चढलेल्या पाण्यामुळे पुलांखालून जाऊ शकेना, म्हणून पाणी उतरायची वाट पाहावी लागली. 11 जूनला होडी वर आली. पूर, पूल, प्रवाह असे नदीचे सगळे अडथळे असूनही काम तेरा दिवसांत झालं. राजधानीच्या मधोमध, पर्यटनाच्या ऐन हंगामात नदी अडली, तर त्याची झळ शहरालाच बसते, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

आता नोव्ही साद. नाटोच्या विमानांनी 24 मार्च ते 10 जून 1999 असे 78 दिवस युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली. सर्बियातल्या या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात डॅन्यूबवर तीन पूल होते. वरादिन पूल 1 एप्रिलला पडला. 1981 मध्ये उघडलेला, दोरांवर तोललेला आणि मधला गाळा 351 मीटरचा असलेला स्लोबोदा, म्हणजे स्वातंत्र्य पूल, 3 एप्रिलला पडला. रेल्वे आणि रस्ता दोन्ही वाहणाऱ्या झेझेल्य पुलाच्या काँक्रीटच्या कमानी अनेक हल्ले सोसून 26 एप्रिलला कोसळल्या. पुलांबरोबर पलीकडच्या पेट्रोवारादिनचं पाणीही तुटलं. शहराचे दोन तुकडे झाले आणि नदीत तीन ठिकाणी पोलाद आणि काँक्रीटचे ढीग पडले, त्यांत न फुटलेल्या बॉम्बची भीती. युद्ध संपल्यावर शहरानं जे करायला हवं होतं तेच केलं: बार्ज शेजारी शेजारी बांधून तराफ्यांचा पूल उभारला. लोकांना पलीकडे जाता येऊ लागलं, पण हा पूल पाण्यावरच आडवा पडलेला होता. आता नदीत मलब्याचा अडथळा होता आणि त्याच्या जोडीला पुलाचाही. तो पूल ठरावीक वेळांना उघडायचा, जहाजं सोडायची आणि पुन्हा बंद करायचा. उघडण्याबद्दल जहाजांना पैसेही मोजावे लागत. लहान जहाजं डॅन्यूब-तिसा कालव्याच्या जाळ्यातून वळसा घेत. मोठ्यांना तो वळसा झेपत नव्हता.

या अडवणुकीचा फटका बसला कुणाला? सर्बियाला बसला, पण निर्बंधांनी आधीच पिचलेल्या त्या देशाच्या जलवाहतुकीत बुडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. खरा फटका रोमानिया, बल्गेरिया आणि युक्रेनच्या जहाज कंपन्यांना बसला. युक्रेनहून नदीमार्गे येणारं लोहखनिज रेल्वेनं आणण्याचा बोजा हंगेरी-ऑस्ट्रियाच्या कारखान्यांवर पडला. 1992 मध्ये ऱ्हाईन-माईन-डॅन्यूब कालवा उघडून उत्तर समुद्र ते काळा समुद्र असा अखंड जलमार्ग झाला होता. सातच वर्षांत त्याच्या मधोमध कुलूप लागलं. 1948 च्या बेलग्रेड करारानं या नदीवर सर्व देशांच्या व्यापारी जहाजांना मुक्त वाट दिली आहे, आपापला पट्टा जहाजांना योग्य ठेवण्याची जबाबदारी काठच्या देशांवर टाकली आहे, आणि यावर देखरेख करणारा डॅन्यूब आयोग 1954 पासून बुडापेस्टला आहे. पण या आयोगाचा हात गलात्सच्या जुन्या आयोगासारखा लांब नाही. तो शिफारस करतो. स्वतः पट्टी गोळा करून नदी खणत नाही. बेलग्रेडमध्ये मिलोशेविच यांच्या सरकारची भूमिका अशी होती, की ज्यांनी पूल पाडले त्यांनी ते बांधून द्यावेत, मग नदी साफ करण्याचं बोलू. पश्चिमेकडच्या देशांची भूमिका अशी, की मिलोशेविच सत्तेवर आहेत तोवर त्यांच्यासाठी पूल बांधून देणार नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी तर्क होता. दोघांपैकी एकाचंही जहाज पुलाशी रांगेत उभं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की अपघाताची तुलना युद्धाशी करू नये. युद्धाच्या मलब्यात स्फोटकं असतात, शत्रुत्व असतं, पैसा नसतो. आक्षेप वजनदार आहे. पण मग सुएझचं काय? 1956 च्या युद्धात इजिप्तनं कालव्यात चाळीसहून अधिक जहाजं बुडवली. संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेच्या फौजेतले निवृत्त इंजिनिअर रेमंड व्हीलर यांना नेमलं, डच आणि डॅनिश बुडीत-जहाज उचलणाऱ्या कंपन्या कामाला लागल्या आणि एप्रिल 1957 मध्ये कालवा पुन्हा चालू झाला. खर्च भागवण्यासाठी कालव्याच्या पट्टीवर तीन टक्के अधिभार बसवला. दहा वर्षांनी, 1967 च्या युद्धात, तोच कालवा पुन्हा बंद पडला आणि 5 जून 1975 पर्यंत बंद राहिला. ग्रेट बिटर सरोवरात चौदा जहाजं आठ वर्षं अडकून पडली. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या मालाला तोवर आफ्रिकेचा पूर्ण वळसा पडत राहिला. इथे कुणी म्हणेल, की भाड्याचा नियम इथेच मोडतो. कालव्याचं उत्पन्न इजिप्तचं, बंदीची झळ इजिप्तलाच, तरी तो का उघडला नाही? सरळ कारण तर होतंच, पूर्व काठावर इस्रायलची फौज बसली होती. पण ही झळ सोसण्यासारखी का झाली, याचं उत्तर खार्तूमला मिळतं. 1967 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे भरलेल्या अरब परिषदेत सौदी अरेबिया, कुवेत आणि लिबिया यांनी इजिप्त आणि जॉर्डनला मिळून वर्षाला साडेतेरा कोटी पौंड द्यायचं कबूल केलं, त्यांतले साडेनऊ कोटी इजिप्तचे. कालव्याचं बुडालेलं भाडं दुसरेच भरत होते. 1956 आणि 1967 या दोन्ही वेळा युद्धच होतं, पाणी तेच होतं, बुडालेलं लोखंडही त्याच जातीचं. तरी एकदा काही महिने लागले, एकदा आठ वर्षं.

दुसरा आक्षेप नोव्ही सादच्या तारखांतूनच निघतो आणि तो मला अधिक अवघड वाटतो. मिलोशेविच ऑक्टोबर 2000 मध्ये पायउतार झाले. नवं सरकार युरोपशी जुळवून घेऊ पाहत होतं. नदी साफ करण्यासाठी सुमारे 2 कोटी 60 लाख युरोची योजना ठरली आणि त्यातला 85 टक्के भार युरोपीय संघानं उचलला. तरीही तराफ्यांचा पूल नदीवरून हटला 2005 मध्ये. मग हट्ट आणि राजकारण यांना दोष कसा द्यायचा? कामच अवघड होतं असं का म्हणू नये? काही अंशी म्हणायलाच हवं. कोसळलेल्या पुलाचे भाग पाण्याखाली ताणलेल्या अवस्थेत असतात. कुठला तुकडा कापला की कुठला उसळेल, याचा अंदाज बांधत, स्फोटकं शोधत काम करावं लागतं, आणि पूर, गोठलेली नदी यांमुळे वर्षातले कामाचे महिनेही मोजकेच. पण मलबा गेल्यावरही तराफे राहिले, ही गोष्ट या उत्तरात बसत नाही. ते राहिले कारण शहराला दुसरा पुरेसा पूल नव्हता. जहाजांना वाट देण्याची किंमत शहराला रोज मोजावी लागली असती आणि वाट न देण्याची किंमत परक्या जहाजांना. स्लोबोदा पूल युरोपीय संघाच्या पैशातून पुन्हा उभा राहिला, 11 ऑक्टोबर 2005 रोजी उघडला आणि त्यानंतर नदी मोकळी झाली. म्हणजे अडलेल्यांनी अखेर शहराचा पूल बांधून दिला, तेव्हा शहरानं नदी सोडली. मिलोशेविच यांची मागणी उद्धट होती. पण शेवटी घडलं ते तिच्यापासून फार लांब नव्हतं, फक्त सहा वर्षं उशिरा आणि वेगळ्या माणसांशी बोलून. शहराला दोष देण्यात मला रस नाही. ज्यांच्या घरचं पाणी पुलाबरोबर तुटलं, त्यांनी व्हिएन्नाच्या मालवाहतुकीची काळजी आधी करावी ही अपेक्षा विचित्र आहे. चूक एवढीच होती, की शहराची गरज आणि नदीची गरज यांचा हिशेब एकाच वहीत लिहिणारं कुणी नव्हतं.

अशी वही असली की काय होतं ते ऱ्हाईनवर दिसलं. 13 जानेवारी 2011 च्या पहाटे लोरेलाय कड्याजवळच्या अरुंद वळणावर ‘वाल्डहोफ’ हे सुमारे 2,400 टन गंधकाम्ल घेऊन चाललेलं टँकर जहाज उलटलं. चौघांपैकी दोघेच वाचले. नदीला पाणी जास्त, ओढ जबर, पोटात आम्ल. घाई करणं धोक्याचं होतं. वर जाणाऱ्या जहाजांना टप्प्याटप्प्यानं सोडण्यात आलं, खाली येणारी शेकडो जहाजं वरच्या बाजूला थांबून राहिली. महिनाभरानं जहाज सरळ झालं आणि वाहतूक पूर्ववत झाली. थांबलेल्यांचे हाल कमी झाले नाहीत, पण कोण का थांबलं आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि काठचे देश 1815 पासून ज्या आयोगात एकत्र बसत आले आहेत तिथे प्रत्येकाला तक्रार करायला जागा होती. अमेरिकेत बाल्टिमोरला पाटाप्स्को नदीवरचा पूल 26 मार्च 2024 रोजी ‘दाली’ जहाजाच्या धडकेनं कोसळला, तेव्हाही हाच प्रकार मोठ्या मापात घडला. सुमारे 50,000 टन मलबा काढायचा होता. पहिल्याच आठवड्यात एका कडेनं 11 फूट खोलीची वाट उघडली, मग 14 फुटांची, पुढे 20 हून अधिक, एप्रिलच्या शेवटी 35 फुटांची, आणि 10 जूनला पूर्ण रुंदीची आणि 50 फूट खोलीची. आधी कामाच्या बार्ज आणि टग, मग लहान जहाजं, शेवटी मोठी, अशी रांग लागली. बंदराचं उत्पन्न आणि बंदराचा हुकूम एकाच काठावर होते. आपल्याकडे ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ कलंडून तिचे कंटेनर पाण्यावर तरंगू लागले, तेव्हा मुंबई आणि न्हावाशेवा ही दोन्ही बंदरं एकाच रस्त्यावर अवलंबून असल्यानं काही दिवस दोन्ही ठप्प झाली. रस्ता मोकळा करण्याबाबत दोघांत मतभेद होण्याचं कारणच नव्हतं.

बाल्टिमोरमध्ये मात्र एक रांग या हिशेबात धरली गेली नाही. ‘दाली’वरच्या 21 खलाशांपैकी 20 भारतीय होते. मे महिन्यात पुलाचा जहाजावर पडलेला भाग स्फोटकांनी तोडला, तेव्हाही ते जहाजावरच होते. चौकशी, कागदपत्रं, जहाजाची देखभाल, अशी कारणं होती. बंदराची बंदी दर आठवड्याला थोडी थोडी सैल होत होती. खलाशांची तशी होत नव्हती. नदी उघडण्याच्या घाईत ज्यांचं कुणी भाडं मागत नाही, त्यांची बंदी वेगळ्या गतीनं चालते.

प्राहोवोला हाच प्रश्न उलट्या बाजूनं दिसतो. सप्टेंबर 1944 मध्ये सोव्हिएत फौजा पुढे येताना, काळ्या समुद्रावरून वर पळणाऱ्या जर्मन ताफ्यानं इथे आपलीच जहाजं बुडवली, सुमारे 200 असावीत, बरीचशी दारूगोळ्यासकट. नदीच्या या पट्ट्यात एका काठाला सर्बिया आहे आणि समोर रोमानिया. जहाजांना वाट उरली, अरुंद का होईना, म्हणून कुणी पुरतं अडलं नाही. आणि अडलं नाही म्हणून कुणी हट्टानं दार ठोठावलं नाही. कोरडं वर्ष आलं की सांगाडे पाण्याबाहेर येतात. 2003 मध्ये आले, 2022 च्या दुष्काळात पुन्हा आले, आणि तेव्हा 180 मीटर रुंदीचा जहाजांचा रस्ता 100 मीटरवर आला. सर्बियानं सुमारे तीन कोटी युरो खर्चाचं काम पुकारलं, युरोपीय मदत आणि कर्ज मिळालं, आणि 2024 मध्ये सांगाडे काढायला सुरुवात झाली. आधी आतला दारूगोळा, मग लोखंड, असा क्रम ठरला आहे. यादी सुमारे वीस जहाजांचीच आहे. बाकीची वाळूखाली आहेत आणि त्यांच्यावरून जहाजं जातात.